मागे माणूस बसवून बघते

माझं नाव शकुंतला. गाव तिकडं वाशिम जिल्ह्यात, कारंज्यापासून एसटीनं तासभर. पुण्यात येऊन तीस वर्षांच्या वर झाली, त्यामुळं बोली आता इकडचीच झाली, पण राग आला की अजून मले-तुले निघतं, माझी पोरगी हसते. बाप जिनिंगमध्ये कामाला होता. आम्ही चार बहिणी, त्याला लोक म्हणायचे चार पोट्ट्या काय शिकवत बसला, तर तो म्हणायचा शिकवतो, तुमच्या काहून पोटात दुखतं. दहावीपर्यंत मी शिकले ती त्याच्यामुळं. लग्न झालं मधुकरसोबत, तो इथं पुण्यात एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. मी आले ती थेट येरवड्यात, टेकडीवरच्या या वस्तीत. तेव्हा पत्रे होते, आता स्लॅब आहे, पण चढ तोच आहे. तुम्ही आत्ता चढून आलात ना, बघा किती दम लागला तुम्हाला.

तेव्हा काय झालं होतं, बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या होत्या, सगळ्यांना दुचाकी पाहिजे होती, आणि गाड्या वाढल्या की त्यांचे सुटे भागही वाढतात. नगर रोडला एका कंपनीत ब्रेक शू बनायचे. ब्रेक शू म्हणजे, मागच्या चाकाचा जो गोल डबा असतो, ड्रम, त्याच्या आत दोन अर्धगोल तुकडे असतात, तुम्ही ब्रेक दाबला की ते पसरतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या तुकड्यांवर जे काळं लायनर चिकटवलेलं असतं ते आम्ही चिकटवायचो. बायकाच बायका. दोन वर्षांनी मला इन्स्पेक्शनला घेतलं. आमचे साहेब होते वयस्कर, त्यांनी मला शिकवलं की शकुंतलाबाई, कागदावर काय लिहिलंय ते नंतर, आधी वस्तू हातात घ्यायची. तेवीस वर्षं मी तेच केलं. वस्तू हातात घ्यायची, फिरवायची, उजेडात धरायची, नाहीतर बाजूला टाकायची. मग कंपनी गेली दुसरीकडं, आम्हाला घरी बसवलं. त्यात काही नवीन नाही, तेव्हा सगळ्यांचंच तसं झालं.

पोरगी प्रज्ञा तोवर इंजिनिअर झाली होती, खराडीला आयटीत लागली. ती काय करते माहितीये? टेस्टिंग. मी म्हटलं म्हणजे माझंच काम की, फक्त एसीत.

मी घरी बसल्यावर दोन वर्षांनी मधुकरला लकवा मारला. डावी बाजू गेली. जीव वाचला, घरी आणला, पण डावा हात असा आत वळायला लागला, मुठीसारखा. फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं की आठवड्यातून तीनदा आणा, सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात, नंतर हात लाकडासारखा होईल. आता आणा म्हणजे कसं आणा? रिक्षावाले खाली चौकातच थांबतात, वर यायला नको म्हणतात. शेजारचे चार जण मधुकरला खुर्चीत बसवून खाली न्यायचे. पहिल्यांदा नेलं, दुसऱ्यांदा नेलं, तिसऱ्यांदा खुर्ची तिरकी झाली आणि नळावरच्या बायका ओरडल्या. घरी आल्यावर तो म्हणाला, बोलणं तेव्हा तोंडातल्या तोंडात होतं त्याचं, पण मला कळलं, तो म्हणाला मी आता जाणार नाही. माल उचलणारा माणूस हो तो. स्वतःला उचलून नेतात हे त्याला सहन होईना.

तेव्हा मी म्हटलं, मी नेते. मोपेड मी कंपनीत असताना चालवलेली, लायसन होतं, पण ती मोपेड कधीच भंगारात गेलेली. आणि आता जी गाडी पाहिजे ती कशी पाहिजे, तर सीट इतकी खाली की त्याला बसता यावं, मागे टेकायला पाठ पाहिजे, पाय ठेवायला रुंद फळी पाहिजे कारण डावा पाय आपोआप घसरतो. आणि किक नको, माझा गुडघा. प्रज्ञा म्हणाली आई, इलेक्ट्रिक घे. मोठ्या कंपन्यांच्या दोन बघून आलो आम्ही. गाड्या चांगल्या, खोटं कशाला बोलू, पण सीट उंच. मधुकर त्यावर चढलाच नसता. मग प्रज्ञाला मोबाइलवर एक गाडी सापडली, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, परराज्यातली, पुण्यात एकच दुकान, वाघोलीला. सीट खाली, मागे पाठ, रुंद फळी. जशी काय आमच्यासाठीच बनवलेली. प्रज्ञा म्हणाली आई, हिच्याबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही, ना चांगलं ना वाईट, हे मला आवडत नाही. मी म्हटलं कुणी लिहिलं नाही तर आपण बघून येऊ.

दुकानदाराचं नाव सबनीस. कोथरूडचे. साठीच्या आसपास, विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि आता हे दुकान टाकलेलं. बोलणं अगदी नेमकं, शब्द मोजून. मी आधी गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं, सीटवर बसले, उतरले, पुन्हा बसले. ते म्हणाले, बाई, गाडी बघताय की स्थळ? मी म्हटलं दोन्ही सारखंच बघावं लागतं. मग बॅटरी काढून उचलून बघितली, कारण आमच्याकडं चार्जिंग घरात करावं लागणार, सात पायऱ्या आहेत. उचलली गेली. ब्रेकचा दांडा नुसता जरासा ओढला की मोटर बंद होते का ते बघितलं. होत होती. तोपर्यंत सगळं ठीक. मग ते म्हणाले, घ्या, टेस्ट राइड घ्या, त्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन या. मी म्हटलं, अहो इलेक्ट्रिक गाडी आहे, पेट्रोल पंपावर माझं काय काम? तेव्हा पहिल्यांदा हसले ते, पण थोडंच.

मी म्हटलं मला ही माझ्या चढावर न्यायची आहे, येरवड्याला, आणि मागे माणूस बसवून बघायची आहे. ते म्हणाले तसं कुणी करत नाही. मी म्हटलं मी करते. ते म्हणाले, तुमच्या यजमानांना बसवा मग. मी म्हटलं, न तपासलेल्या गाडीवर त्यांना कशी बसवू? ते म्हणाले मग कुणाला बसवणार? मी त्यांच्याकडं बघितलं. तुमचं वजन किती, म्हटलं. ते म्हणाले, बाई, माझं वय काय, तुम्ही काय विचारताय. पण गाडी एकटीच्या हाती दहा किलोमीटर द्यायची नव्हती त्यांना, आणि दुकानात त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. शटर अर्धं ओढलं, हेल्मेट घातलं आणि बसले माझ्या मागे.

काय सांगू तुम्हाला, वाघोली ते येरवडा त्या नगर रोडच्या गर्दीत मी चालवतेय आणि मागे हे सबनीस. खराडीपर्यंत एक शब्द नाही. मागची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, मला आरशात दिसत होतं. खराडी बायपासला म्हणाले, डावीकडून एक टेम्पो येतोय. मी म्हटलं दिसला. पुढं म्हणाले, सिग्नल पिवळा झाला. मी म्हटलं तोही दिसला. मग म्हणाले, बरी चालवता हो. बॅटरीची एक काडी कमी झाली फक्त, ते मी मनात टिपून ठेवलं.

आणि आमचा चढ. खाली चौकातून वळले आणि अ‍ॅक्सिलरेटरला पूर्ण पीळ दिला. गाडी मंदावली, अगदी माणूस चालतो तेवढ्यावर आली, नळावरच्या बायका बघायला लागल्या की शकुंतलाच्या मागे हा कोण पांढऱ्या केसांचा, पण थांबली नाही. चढली. घरासमोरपर्यंत चढली. मधुकर दारात खुर्चीत बसला होता. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, आणि उजवा हात असा वर केला. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर मी हसू बघितलं. सबनीस उतरले, म्हणाले झालं समाधान? मी म्हटलं अर्धं. वर चढली, आता उतरू द्या, बसा परत मागे.

उतारावर माझ्या हाताला कळलं. मागचा ब्रेक मी धरून ठेवला होता, हळूहळू, आणि निम्म्यावर आले तर दांडा हँडलच्या जवळ यायला लागला. धरतोय पण धरत नाही, असं. आणि वास आला. तो वास मी तेवीस वर्षं घेतलाय, लायनर तापल्याचा, मला झोपेतही कळेल. पुढचा ब्रेक जपून लावला, दोन्ही पाय खाली टेकवले आणि सबनीसांना म्हटलं उतरा. काय झालं, म्हणाले. मी म्हटलं आधी उतरा.

चढाच्या पायथ्याशी गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रीला मागचं चाक खोलायला सांगितलं. सबनीस म्हणाले नवीन गाडी खोलायची नसते, मी म्हटलं मग नवीन गाडी विकायची पण नसते. खोललं. थोडं निवू दिलं, मग शू हातात घेतला, उजेडात धरला. मधोमध दोन बोटं रुंदीचा पट्टा नुसता चकचकीत आणि बाकी सगळं लायनर कोरंच्या कोरं, साच्यातून आलं तसं. म्हणजे काय, तर शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळतच नव्हती. एवढासा पट्टा सगळा भार घेत होता. एकटा माणूस, सपाट रस्ता, तर कधी कळायचंसुद्धा नाही. दोघं बसले, उतार आला, की तापणार आणि सोडून देणार.

सबनीस म्हणाले, अहो नवीन आहे, चालवता चालवता शू बसेल. मी म्हटलं बसेल हो, पण तोवर मागे कोण बसलेलं असेल? त्यांनी शू माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले बरं, तुमच्या गाडीला मी चांगल्या कंपनीचे शू घालून देतो, उद्या घेऊन जा. आता इथं मी होय म्हटलं असतं तर विषय संपला होता. पण माझ्या तोंडून निघालं, आणि विकलेल्या? किती विकल्या तुम्ही? अकरा, म्हणाले, एकाचीही तक्रार नाही. मी म्हटलं त्या अकरा जणांच्या घराला चढ नसेल. त्यांना बोलवा, चाकं खोला, मग मी गाडी घेते. ते तापले. म्हणाले, बाई, तुम्ही गिऱ्हाईक आहात का सरकार? आणि मीही तापले, म्हटलं मले नको तुमची गाडी मग. त्यांना मिस्त्रीनं चाक बसवून दिलं, मी सांगितलं की जाताना हळू जा, पुढच्याच ब्रेकवर भरवसा ठेवा. ते एकटे गेले वाघोलीला.

घरी आले तर मधुकर विचारतोय, गाडी? हातवारे करून विचारतोय. मी सांगितलं काय झालं ते. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. चार-पाच दिवस धड बोलला नाही माझ्याशी. त्याचं चूक नव्हतं हो. आमच्या पुरती गाडी दुरुस्त होऊन मिळत होती आणि मीच नको म्हणून आले होते. रोज संध्याकाळी मी त्याची बोटं तेल लावून सरळ करायचे आणि रोज ती आणखी कडक लागायची. प्रज्ञानं कंपनीला ईमेल पाठवला, मी मोबाइलवर शूचे फोटो काढले होते ते जोडून. उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. प्रज्ञा म्हणाली, आई, हे माणसानं लिहिलेलं नाही, हे आपोआप येतं.

मी असं का केलं ते सांगते, हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. कंपनीत एकदा एक लॉट आला होता माझ्याकडं, खोकीच्या खोकी. त्यातले काही शू मला पटले नव्हते, लायनर काठाला उचललेलं वाटत होतं. पण मालाची गाडी दारात उभी, सुपरवायझर डोक्यावर उभा, म्हणाला बाई, तुमच्या एका सहीसाठी गाडी थांबलीय. आमचे साहेब त्या दिवशी रजेवर होते. मी सही केली. काही झालं का? मला माहीत नाही. तेच तर आहे, मला कधीच कळणार नाही. ते शू कुठं गेले, कुणाच्या गाडीला लागले, कुणी कुठं ब्रेक दाबला. पुढं कितीतरी वर्षं रस्त्यात कुठं दुचाकी पडलेली दिसली की मी आधी मागचं चाक बघायचे. आता त्या अकरा गाड्या मला माहीत होत्या. माहीत असून मी माझ्यापुरतं बघितलं असतं तर ती दुसरी सही झाली असती. हे मधुकरला मी त्या पाच दिवसांत सांगितलं, एकदा तेल लावताना. त्यानं हात मागे ओढला नाही.

सहाव्या दिवशी सबनीसांचा फोन. नमस्कार नाही काही नाही. म्हणाले, दुकानातल्या उरलेल्या तीन खोलल्या, त्यात दोन तशाच निघाल्या. मग मी झोपलो नाही. अकराही जणांना फोन केलेत, त्यातले नऊ जण उद्या येतायत, दुकानात मिस्त्री आहे, पण काय बघायचं ते तुम्हालाच कळतं, तर आपण येता का? मी म्हटलं येते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसले. मिस्त्री चाक खोलायचा आणि मी ड्रमला आतून खडू लावायचे, शू लावून फिरवायचे, बाहेर काढून बघायचे की खडू कुठं कुठं लागला. सगळीकडं लागला तर बरा, मधेच लागला तर बाद. सकाळी दहाला बसले ती चार वाजेपर्यंत. नवांत चार बाद निघाल्या, त्यांना सबनीसांनी मागवलेले चांगल्या कंपनीचे शू घातले. एक शाळेतल्या शिक्षिका होत्या, त्यांची गाडी सगळ्यात वाईट, लायनरला भेग गेली होती. त्या रोज लेकीला मागे बसवून शाळेत नेत होत्या. मी शू त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो नुसता धरून ठेवला. सबनीसांनी त्यांना चहा आणून दिला, स्वतः, कप हातात धरून, आणि म्हणाले माझी चूक आहे. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. एवढा ताठ माणूस.

न आलेल्या दोघांच्या घरी सबनीस स्वतः जाऊन आले. आणि मग माझी गाडी. चारीच्या चारी शू मी त्या चांगल्या कंपनीच्या खोक्यातून निवडून घेतले, पुढचे दोन मागचे दोन, बसवून घेतले, आणि पुन्हा म्हटलं चला. कुठं, म्हणाले. मी म्हटलं चढावर, मागे बसा. या वेळी त्यांनी शटर पूर्ण ओढलं. चढ चढलो, उतार उतरलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. दांडा जिथल्या तिथं. वास नाही.

मधुकरला पहिल्यांदा बसवलं तेव्हा प्रज्ञा रजा घेऊन आली होती. आधी उजवा पाय टाकला पलीकडं, मग डावा आम्ही उचलून फळीवर ठेवला आणि प्रज्ञाच्या जुन्या ओढणीनं सैल बांधला, घसरू नये म्हणून. उजव्या हातानं त्यानं माझी कंबर धरली. मी म्हटलं भीती वाटते का, तर तो म्हणाला चाल. नळाजवळून गेलो, सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मला रडू येत होतं पण उतार होता, उतारावर रडून कसं चालेल. आठवड्यातून तीन दिवस, दीड वर्ष नेलं मी त्याला. हात पूर्ण सुटला असं नाही म्हणणार, पण बोटं उघडतात, ताट धरता येतं, बटण लावता येतं. बोलणंही बरंच सुधारलं, इतकं की आता मागे बसून मला शिकवतो.

पुढं ती गाडीची कंपनी बुडाली. ईमेल आपोआप यायचा तोही बंद झाला. सबनीसांनी दुकान आवरलं, आता कोथरूडला घरीच असतात, दिवाळीला फोन करतात, गाडी कशी आहे विचारतात, मी सांगते तुमच्यापेक्षा बरी आहे. सुटे भाग मिळत नाहीत, चढाखालचा मिस्त्री इकडचं तिकडं लावून चालवतो. शू मात्र मीच बघून घेते. बॅटरी म्हातारी झाली, दोघांना घेऊन चढत नाही आता. मग आम्ही काय करतो, उतरताना दोघं जातो, आणि येताना मधुकर खाली चौकात उतरतो आणि काठी घेऊन, थांबत थांबत, नळापर्यंत चालत वर येतो. तिथं नळाच्या ओट्यावर टेकतो, बायकांशी बोलतो. मी गाडी लावून पाणी घेऊन जाते. पहिल्यांदा त्याला अर्धा तास लागला होता. प्रज्ञा म्हणते आई, आता नवीन गाडी घेऊ, मी देते. घेऊ की, घाई काय. तो चालतोय तोवर चालू दे, गाडी जुनी झाल्याचा तेवढा तरी फायदा.

आता वस्तीतल्या पोरी गाडी घ्यायच्या आधी माझ्याकडं येतात, मावशी, सोबत चल. मी जाते. दुकानदारांना मी आवडत नाही, पण चालतं. एकीसाठी तर मी तीन दुकानं फिरले, तिसऱ्या दुकानात तिचा नवरा वैतागून रिक्षानं निघून गेला, आम्ही दोघी गाडी घेऊनच आलो.

चला, लिहून झालं का तुमचं? पाणी घ्या अजून. आणि गाडी खाली उतारावर लावलीय तुम्ही, मघाशी बघितलं मी, दगड लावला ते बरं केलं. उतरताना घाई करू नका, शाळा सुटायची वेळ आहे, लेकरं आडवी येतात. नीट जा. पोहोचलात की एक फोन करा, नाहीतर मधुकर मला रात्रभर विचारत बसेल.